लेबलाखालचा मासा

आमच्या घरात मासे दोन प्रकारचे होते, आईचे आणि बाबांचे. आईचा मासा बाजारातून ओला यायचा. ती वेंगुर्ल्याची. शारजात येऊन वीस वर्षं झाली तरी कल्ले उघडून लाल बघितल्याशिवाय, पोटावर अंगठा दाबून बघितल्याशिवाय तिने मासा पिशवीत घेतला नाही. शुक्रवारी सकाळी ती मला घेऊन मासळी बाजारात जायची, विक्रेता "मदाम, फ्रेश, एकदम फ्रेश" म्हणत राहायचा आणि ती त्याच्याकडे न बघता माशाच्या डोळ्यांत बघत राहायची. मग अल नहदातल्या आमच्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मिक्सरची घरघर सुरू व्हायची, खोबरं, धणे, सुक्या मिरच्या, बांगडा असला तर तिरफळं. एक्झॉस्ट फॅन फिरत असायचा, खालच्या मशिदीतून जुम्म्याचं प्रवचन, खुतबा, ऐकू यायचा, आणि कढीला पहिली उकळी आली की मी वाटी घेऊन ओट्याशी उभी.

बाबांचा मासा पुठ्ठ्याच्या खोक्यातून यायचा, विटेसारखा गोठलेला. त्यांचा फ्रोझन मालाचा धंदा होता. दुबईच्या देरा भागात एक टेबल आणि दोन खुर्च्यांचं ऑफिस, आणि शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात कोल्ड स्टोअर, त्याला लागून मासा कापायची आणि भरायची मोठी खोली. बाबा सांगलीकडचे. समुद्र त्यांनी लग्न ठरवायला कोकणात गेले तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "मासा तो मासा," ते म्हणायचे, "त्यात गोत्र कसलं बघायचं?" आई त्यांच्या खोक्यातला मासा घरात शिजवत नसे. हा अलिखित करार होता आणि दोघं तो पाळत होती.

एका दुपारी बाबांनी तो करार मोडला. ते एक खोकं दोन्ही हातांनी, मिठाईसारखं सांभाळत घेऊन आले. खोक्यावर चित्र होतं: बर्फाचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी निळंशार तळं, आणि तळ्यातून उडी मारणारा रुपेरी, लहानशा तोंडाचा मासा. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातला माल होता. "व्हाईटफिश," बाबा म्हणाले. "डोंगरातल्या नद्या, तळी. बर्फाचं पाणी. प्रदूषण नाही, काही नाही. पूर्ण कंटेनर उचललाय. तू एकदा करून बघ, मग बोल."

त्यांचा चेहरा इतका उजळला होता की आईने खोकं घेतलं. संध्याकाळपर्यंत ते तुकडे सिंकमध्ये सुटले. पांढरे, मऊ, ओल्या कागदासारखा वास. आईने एक तुकडा उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "ह्याला मिठाची ओळखच नाही गं." तरी तिने हळद-मीठ घेतलं आणि चोळायला बसली. मी शेजारी कोकम भिजत घालत होते. चोळता चोळता तिचा अंगठा एका गाठीवर थांबला. तुरीच्या दाण्याएवढी गाठ, मांसाच्या आत, पिवळसर. तिला वाटलं चरबी असेल. तिने दाबली.

ती फुटली. आतून दाटसर, पिवळं, पिकलेल्या फोडातून यावं तसं काहीतरी आलं आणि तिच्या नखावर पसरलं. त्या लिबलिबीत द्रवात एक पांढरा दोरा होता, गुंडाळी झालेला. आईने हात नळाखाली धरला तेव्हा पाण्याच्या धारेत तो दोरा उलगडला, लांब झाला, चपटा, आणि सिंकच्या जाळीला चिकटून राहिला. तो मेलेलाच होता, कधीचा गोठून मेलेला. पण उलगडताना जिवंत असल्यासारखा वळवळला, आणि मी कोकमाची वाटी तिथेच टाकून बाथरूमकडे धावले.

परत आले तेव्हा आई सगळे तुकडे एकेक करून उजेडात धरून बघत होती. प्रत्येक दुसऱ्या तुकड्यात गाठ होती. बाबा दारात उभे होते.

"अगं, त्याने काही होत नाही माणसाला. शिजलं की संपलं. माल देणाऱ्या पार्टीने लेखी दिलंय तसं."

आईने मान वळवली. "लेखी दिलंय? म्हणजे तुम्हांला ठाऊक होतं."

"तो ग्रेडच तसा असतो. म्हणून तर स्वस्तात मिळाला. आपण टेबलावर साफ करून घेणार, खलास."

आईने सगळा मासा दोन पिशव्यांत बांधला, स्वतः खाली जाऊन कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकून आली. मग ओटा, सिंक, सुरी, पाट, सगळं आधी साबणाने आणि मग व्हिनेगरने घासलं. रात्री आम्ही वरणभात खाल्ला. मला तोही गेला नाही. वरणात तुरीचा एक अख्खा दाणा राहिला होता.

बारावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. बाबा म्हणाले, "यल्ला मिनू, घरी बसून टीव्ही बघण्यापेक्षा चल, ट्रेड शिक." मी इंग्रजीत म्हटलं, "फाइन, बाबा." आम्ही आखातात वाढलेली पोरं तेव्हा घरात इंग्रजीतच उत्तरं द्यायचो. मराठीत रागावणं आणि मराठीत लाजणं आम्हांला जमायचं नाही, आणि त्यामुळे बरंच काही टाळता यायचं हे आता कळतं.

कापायच्या खोलीत इतकी थंडी असायची की बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना आम्ही आत स्वेटर घालून बसायचो. मधोमध काचेची टेबलं होती, काचेखाली दिवे. मासा काचेवर ठेवला की उजेड त्याच्यातून आरपार यायचा आणि गाठी सावलीसारख्या दिसायच्या. तिथे मुख्य होते रहमतचाचा, चितगावकडचे, पन्नाशीचे, पांढरी आखूड दाढी. सुरीचं टोक घालून, चिमट्याने ओढून, एक गाठ काढायला त्यांना श्वास घ्यायला लागावा एवढाही वेळ लागायचा नाही. काढलेल्या गाठी निळ्या बादलीत. दुपारपर्यंत बादलीचा तळ दिसेनासा व्हायचा. मला त्या बादलीकडे बघवत नसे आणि तिच्याकडे बघितल्याशिवाय राहवतही नसे. घरी चहावर साय दिसली की मी कप सरकवून द्यायचे. दही, केळ्याचा मऊ झालेला भाग, मलम, सगळ्यात मला ती बादली दिसायची. केस तीनदा धुतले तरी उशीला तो ओल्या कागदाचा वास यायचा.

रहमतचाचांना मात्र त्या माशाची कीव यायची. "बेटी, हम लोग मीठे पानी की मछली खाके बड़े हुए," ते म्हणाले एकदा, एक तुकडा उजेडावर धरून. "ये मछली खराब नहीं है। देखो कितनी साफ़ हड्डी है। अपने ठंडे पानी में ताज़ा पकड़ के खाओ तो अच्छी होगी।" त्यांनी बर्फ कधी पाहिला नव्हता, कोल्ड स्टोअरच्या भिंतीवरचा सोडून.

पहिल्या आठवड्यानंतर बाबांनी सांगितलं, वरवर बघा, वेळ फार जातोय. वरवर म्हणजे वरच्या अंगाच्या गाठी काढायच्या, आतल्या राहू द्यायच्या. आणि मला त्यांनी कॉम्प्युटरवर बसवलं. "लेबल करून दे. तुझं इंग्रजी चांगलं आहे." मजकूर त्यांनी सांगितला: हमूर फिलेट. हमूर हा इथला मानाचा मासा, आखातातला, हॉटेलात पाहुण्यासाठी मागवतात तो.

"बट बाबा, इट्स नॉट हमूर."

"ट्रेडमध्ये असंच म्हणतात. पांढरं फिलेट म्हणजे हमूर. सगळे म्हणतात."

मी विश्वास ठेवला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी विचारलं, उत्तर मिळालं, आणि मला तेवढं पुरलं. पुढचे दोन दिवस मी ते लेबल सजवण्यात घालवले. अक्षरं कुठली घ्यावीत, निळा रंग गडद असावा की फिका, माशाचं चित्र डावीकडे की उजवीकडे. खऱ्या हमूरचं चित्र शोधून घातलं. छापून आल्यावर मीच उभी राहून खोक्यांवर चिकटवली, नेमकी त्या बर्फाच्या डोंगरांवर, की चित्र झाकलं जावं. बाबांनी पाठीवर थाप मारली. मला फार अभिमान वाटला होता. आज चाळिशी उलटल्यावर मला त्या गाठींची किळस राहिलेली नाही. त्या थापेने सुखावलेल्या मुलीची अजून येते.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी माझा डबा घेऊन रहमतचाचांच्या शेजारी बसले. त्यांचा डबा ते राहायचे त्या कामगारांच्या कॅम्पच्या मेसमधून यायचा. त्यांनी झाकण उघडलं. भात आणि लालभडक रस्सा, त्यात पांढरे तुकडे. त्यांनी एक तुकडा बोटांनी मोडला, थांबले, आणि ज्या दोन बोटांत दिवसभर चिमटा असायचा त्याच दोन बोटांनी आतून एक शिजलेली, कडक झालेली पिवळी गाठ काढून झाकणाच्या कडेला ठेवली. मग घास घेतला.

"चाचा, ये तो..."

"हाँ बेटी, अपना ही माल है।" ते शांतपणे चावत होते. "मेस के बोर्ड पर लिखा था, आज हमूर। सब लोग खुश हो गए।"

"आप खाते कैसे हो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काहीतरी फार लहान मुलासारखं विचारलं होतं. "भूख लगती है ना।"

झाकणाच्या कडेला गाठी वाढत गेल्या. चार झाल्या. मी माझा डबा तसाच बंद केला. हळू आवाजात म्हटलं, बलदियाला, म्हणजे नगरपालिकेला, मी कळवते, ते येऊन तपासतील. त्यांचा हात घासावर थांबला. "नहीं बेटी. मेरा वीज़ा इसी कंपनी के लाइसेंस पे है। मेरा, इन सबका। तुम्हारा भी।" मग मला बरं वाटावं म्हणून असेल, ते हसले. "पकाने से मर जाता है। तुम्हारे पापा सही बोलते हैं।"

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. मराठीत. लेबलाचंही. ती कोथिंबीर निवडत होती. काड्या वेगळ्या करता करता तिने एवढंच विचारलं, "मेस कोणाची?"

मेस सावंतकाकांची होती. सावंतकाका आमच्याकडचे जुने पाहुणे, मालवणचे, दोन-तीन कॅम्पना जेवण पुरवायचे. आईला वहिनी म्हणायचे, आणि आमच्याकडे आले की "वहिनी, तुमच्या हातची चव इथे कुठे मिळत नाही" म्हणत चार पोळ्या जास्त खायचे. पुढच्या शुक्रवारी बाबांनी त्यांना जेवायला बोलावलं होतं. दुसऱ्या कंटेनरचं बोलायचं होतं.

आईने सुरमई तळली, सोलकढी केली, भात केला. आणि बाबांच्या कोल्ड स्टोअरमधून मी आणून दिलेल्या खोक्यातला पांढरा मासा काढून त्याचंही एक कालवण केलं, लाल, मेसमध्ये करतात तसं. वाढताना तिने ते बाबा आणि सावंतकाका दोघांच्या वाट्यांत मोठ्या पळीने घातलं. बाबांनी रंगावरून ओळखलं असावं. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घास उचलला नाही. सावंतकाका बोलत होते, सुरमईचे काटे बाजूला काढत होते. त्यांच्याही वाटीत कालवण जसंच्या तसं होतं.

मला वाटलं, त्यांना माहीत नाही. त्यांना फसवलं जातंय. मी धीर करून म्हटलं, "काका, ते हमूर नाहीये. तुमच्या मेसमध्ये जातं ते. त्यात किडे असतात."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. सावंतकाकांनी बोटं चाटली, रुमाल घेतला आणि हसले. मनापासून, कौतुकाने हसले.

"अगं बाळा, मालवणचा माणूस मी. मला हमूर कळत नाही होय? ह्या भावात हमूर कोण देईल?" मग बाबांकडे वळून म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो तुमची. आणि म्हणून तर मी वहिनींची सुरमई खातोय." त्यांनी एका बोटाने कालवणाची वाटी ताटापासून थोडी लांब सरकवली.

आणि बाबा हसले. आधी सुटल्यासारखे, मग मोकळे, खांदे हलवत. मी आयुष्यात बऱ्याच ओंगळ गोष्टी पाहिल्या, त्या बादलीसकट. पण सुरमईच्या ताटावर वाकून हसणारी ती दोन माणसं, तेल लागलेले ओठ, दातात अडकलेला रवा, आणि त्यातला एक माझा बाप, यांच्यापुढे त्या सगळ्या स्वच्छ होत्या.

आई उठली. पाहुण्याला कधी अर्धा शब्द वाकडा न बोललेली माझी आई. तिने सावंतकाकांच्या ताटातली सुरमईची तुकडी हाताने उचलली, मधला सुरमईचा वाडगा उचलला, आणि सरकवलेली वाटी पुन्हा त्यांच्यासमोर आणून ठेवली.

"ही सुरमई माझ्या घरची आहे," ती म्हणाली. "तुम्ही दुसऱ्यांना वाढता ते तुमचं. ते जेवा."

सावंतकाका हात न धुता निघाले. बाबा त्यांच्यामागे लिफ्टपर्यंत गेले. परत आले तेव्हा आईला काय काय बोलले ते मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात तोच मासा शिजू लागला. दुपारी आणि रात्री. त्याच खोक्यातला, वरवर बघितलेला, गाठी आत असलेला. लाल रस्सा, भात, बाकी काही नाही. "त्यांच्या ताटात जे, ते आपल्या ताटात," आई म्हणाली, आणि पहिला घास तिने घेतला. डोळे मिटून, ओठ घट्ट. तिचा कंठ वरखाली झालेला मला दिसला. मग मी घेतला. त्या माशाला चव नव्हती, हेच वाईट होतं. जीभ सगळा वेळ गाठ शोधत राहायची. सापडली की रवाळ, पिठूळ काहीतरी दातांखाली फुटायचं आणि मसाला कितीही असला तरी आपण काय चावलं ते कळायचं. मी पहिले तीन दिवस रोज ओकले. आई ओकली नाही. ती तोंड धुवून यायची आणि भांडी घासायला लागायची.

बाबा आधी बाहेर जेवून येऊ लागले. आईने एवढंच सांगितलं, "या जेवून. मिनू आणि मी हेच खातोय." त्यांना ते जमलं नाही. चौथ्या दिवशी ते ताटावर बसले. रस्साभात कालवायचे, तुकडे बाजूला ठेवायचे. बाबा वाईट होते असं लिहायला माझा हात धजत नाही. लहानपणी मला ताप आला की रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलणारे तेच होते. पण ते आमच्यासमोर बसून आम्हांला ते खाताना बघू शकत होते, पाच दिवस बघू शकले, हेही लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नवव्या दिवशी दुपारी भातात लपलेला एक बारका तुकडा त्यांच्या तोंडात गेला. ते चावत असताना मधेच थांबले. बोट घालून त्यांनी जिभेवरून काहीतरी ओढलं. पांढरा, चपटा दोरा, अर्धा दातात, अर्धा चिमटीत. ते तिथेच, ताटातच ओकले. भातावर, स्वतःच्या हातावर, सदऱ्यावर. ओकारी थांबेना. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पाणी दिलं, आणि ताट उचललं नाही.

आठवड्याच्या आत उरलेला माल त्यांनी बलदियाची गाडी बोलावून नष्ट करायला दिला. माझी लेबलंही त्यातच गेली. दुसरा कंटेनर आला नाही. घरात पुन्हा वरणभात, भाजी सुरू झाली. मासा यायला बरेच महिने लागले. एकदा धीर करून मी विचारलं, "बाबा, का थांबवलंत?" ते म्हणाले, "शी, आठवण नको. अजून तोंडाला ती चव आहे." मी वाट पाहिली. पुढे आणखी एखादं वाक्य येईल, रहमतचाचांचं, त्या कॅम्पमधल्या माणसांचं. आलं नाही. त्यांना किळस आली, म्हणून ते थांबले. लाज त्यांना कधी वाटली की नाही, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

कॉलेज सुरू व्हायच्या आधी मी एकदा कापायच्या खोलीत गेले. टेबलावर आता कोळंबी होती. मी रहमतचाचांना सांगितलं की ती लेबलं मी केली होती, आणि माफ करा. ते कोळंबीची पाठ चिरत होते. "मालूम था," म्हणाले. "और कौन करता यहाँ इतना अच्छा काम?"

मग मी आनंदाने म्हटलं, "अब तो मेस में वो मछली नहीं आती ना, चाचा? बंद हो गई."

त्यांनी सुरी ठेवली, हात पुसले. मला दुखवायचं नाही असा चेहरा करून म्हणाले, "आती है, बेटी। मछली वही है। सावंत साहब किसी और से लेते हैं।" आणि मग, मला नीट कळावं म्हणून, हळू म्हणाले, "उस पे भी हमूर लिखा है। बस, स्पेलिंग ग़लत है।"